जुना मोबाईल मोडीत काढण्यापूर्वी



१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सातबाऱ्यावरची पिकाची नोंद आपल्याच मोबाईलवर आली. कामरगाव भागात सोयाबीन-तूर असो की ऊस, नोंद राहिली की नुकसानभरपाईच्या वेळी गाडी अडते. पुष्कळांकडे पोरांनी वापरून सोडलेला फोन असतो. तो बिनकामाचा नसतो, पण आधी पारखून घ्यावा.

फोनचे वय काचेवरून नव्हे, अँड्रॉइडच्या आकड्यावरून धरावे. सेटिंगमध्ये ‘फोनविषयी’ या ठिकाणी तो दिसतो. १ जानेवारी २०२५ पासून व्हॉट्सॲपने अँड्रॉइड ४.४ चे फोन सोडले; इतर ॲपचेही तसेच होते.

फोन अडखळत असेल तर साठलेले व्हिडिओ काढून जागा करावी. शेतात जाऊन लोकेशन चालू करावे, आधी एकाच गटाची नोंद करून पाहावी.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. पुढे न गेलेली नोंद फोनमध्येच पडून असते. ती पाठवण्याआधी ॲप काढले किंवा फोन रिसेट केला, तर केलेली मेहनत पुसली जाते. अनोळखी मेसेजमधून आलेले ॲप तर मुळीच घेऊ नये.

फोन चाललाच नाही, तर शेजाऱ्याच्या मोबाईलवरूनही आपली नोंद करता येते. मुदतीची वाट पाहू नका.

— ऊस विकास अधिकारी