दुपारच्या रागांना श्रोता हवाय

आपल्याकडे गाण्याचा हंगाम थंडीचा. पुण्यातला सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून चालत आलाय, तो भरतो डिसेंबरात. गावोगावचे लहानमोठे महोत्सवही बहुतेक नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरकतात, आणि मैफल म्हटली की ती संध्याकाळची. त्यामुळे यमन, पूरिया, बागेश्री यांची चंगळ होते आणि दुपारी बारा ते चारच्या रागांच्या वाट्याला जेवणाची सुट्टी येते. वृंदावनी सारंग, शुद्ध सारंग, गौड सारंग ही नावं कानावरून गेलेली असतात. पण त्यांच्या वेळेला, निवांत बसून ते ऐकलेत किती जणांनी?

या रागांची खरी मैफल घरातच होऊ शकते, तीही एप्रिल-मेच्या दुपारी. बाहेर पाऊल टाकवत नाही, जेवणं झालेली, पडदे ओढलेले, पंखा चालू. उन्हाळ्यात तब्येत सांभाळायची म्हणून आपण माठात वाळा टाकतो, पन्हं करतो, कोकम सरबत करतो. त्याच्या जोडीला रोज अर्धा तास सारंग ठेवावा, एवढंच सांगायचंय. (दिवाळी अंकात उन्हाळ्याचा विषय कशाला, असं वाटलं असेल. पण दिवाळी अंक मेच्या सुट्टीपर्यंत पुरवून वाचणारी माणसं मी पाहिली आहेत. हा लेख त्यांच्यासाठी.)

जुन्या राग-रागिणी पद्धतीत सहा राग सहा ऋतूंना वाटून दिले होते. वसंताला हिंदोल, वर्षेला मेघ, शरदाला भैरव, हेमंताला श्री, शिशिराला मालकंस. ग्रीष्माला दिला दीपक! तानसेनाने तो गायला आणि अंगाचा दाह झाला, ही दंतकथा सगळ्यांना ठाऊक आहे. आधीच भाजून निघणाऱ्या माणसाला आगीचा राग देण्यात काय हशील होतं, देव जाणे. गवयांनी व्यवहार पाहिला. दीपक ग्रंथात आणि चित्रांत राहिला, आणि दुपार सारंगाच्या घराण्याकडे गेली. पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी रागांच्या वेळांची जी मांडणी केली, त्यातही मध्यान्ह सारंगांचीच आहे.

वृंदावनी सारंग जरा जवळून ऐका. यात गंधार नाही, धैवतही नाही. उरतात पाचच स्वर: सा, रे, म, प, नी. निषाद मात्र दोन, चढताना शुद्ध आणि उतरताना कोमल. गायक मध्यमावरून ऋषभावर येतो तेव्हा मधली गंधाराची पायरीच नसते, त्यामुळे मींड लांब पडते आणि ऋषभावर येऊन विसावते. ऋषभ हा इथला वादी स्वर. गंधार नसल्यामुळे रागात लाडिकपणा नाही, करुणाही नाही. स्वरांमधल्या त्या मोकळ्या जागांतून हवा खेळते. पं. भीमसेन जोशींचा वृंदावनी सारंग सहज मिळतो. सुरुवात तिथून करावी.

शुद्ध सारंगात दोन मध्यम येतात आणि रंग थोडा गडद होतो. गौड सारंगाची चाल वाकडी, सरळ रेषेत तो जातच नाही. नवख्याने तो दुसऱ्या आठवड्यासाठी ठेवावा. तीन वाजता भीमपलासी, त्यानंतर मुलतानी. आणि सूर्य कलल्यावर उस्ताद अमीर खाँचा मारवा. त्यात पंचम नाही, आणि षड्जावर गायक लवकर टेकतही नाही. दिवसभराच्या उकाड्याने आलेली तगमग त्यात शब्दाविना मांडलेली आहे. मन आधीच उदास असेल तर मात्र मारवा टाळा, तो दिलासा देणाऱ्यांतला नाही.

शरीराला याचा उपयोग काय? इटलीतल्या पाविया इथले डॉ. लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये चोवीस जणांना निरनिराळं संगीत ऐकवून त्यांचा श्वास, नाडी आणि रक्तदाब मोजला. त्या संगीतात सतारीवरचा एक रागही होता. लय वाढली की श्वास आणि नाडी वाढते, संथ संगीताने शरीर सैलावतं, हे दिसलं. गंमत म्हणजे सगळ्यात जास्त विसावा मिळाला तो मध्ये ठेवलेल्या दोन मिनिटांच्या शांततेत. आपला संथ ख्याल तर अशा विरामांवरच उभा असतो. पण सारंग ऐकल्याने ताप उतरत नाही की ऊन बाधायचं थांबत नाही. चक्कर आली, अंग तापलं, तर सावली, पाणी आणि डॉक्टर. रागोपचाराच्या नावाने अमुक रोगावर तमुक राग असे तक्ते फिरत असतात, त्यांच्यावर माझा काडीचा विश्वास नाही.

ऐकण्याची रीत साधी आहे. घामाने भिजलेल्या कानांत बोळे खुपसू नका, छोटा स्पीकर लावा आणि आवाज पंख्याच्या घरघरीपेक्षा जरासाच वर ठेवा. गाणं सुरू करण्याआधी पाच मिनिटं नुसता तानपुरा ऐका. मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मोबाइलमधल्या तानपुऱ्यानेही काम भागतं. घरी तबला असेल तर त्याचंही निरीक्षण करा. कोरड्या उन्हात शाई-चाटाचं कातडं ताणलं जाऊन सूर चढतो, पावसाळ्यात तेच सैल पडतं. वाद्यांनाही ऋतू बाधतो.

ऋतू आणि गाणं यांचा विचार आपल्याकडे सर्वांत मनापासून केला तो कुमार गंधर्वांनी. क्षयामुळे ते १९४८ मध्ये हवापालटासाठी देवासला आले. काही वर्षं गाणं बंद होतं, अंथरुणावर पडून माळव्याची लोकगीतं कानावर येत होती. त्या धुनांमधून त्यांनी नवे राग शोधले. त्यांतला मधसुरजा हा भर दुपारचा राग. पुढे ‘गीत वर्षा’, ‘गीत हेमंत’, ‘गीत वसंत’ असे ऋतूंचे कार्यक्रमही त्यांनी बांधले.

संगीत मंडळांना एक विनंती. वर्षातून एक मैफल मे महिन्यात, दुपारी एक वाजता ठेवून पाहा. सभागृह वातानुकूलित असतंच, आणि त्या वेळेला भाडंही बहुधा कमी पडेल. ते होईपर्यंत वाचकांनी येत्या चैत्रात घरीच सुरुवात करावी. रोज एकच राग, आठवडाभर तोच. ऐकता ऐकता डोळा लागला तर लागू द्या, सारंगाला त्याचा राग येत नाही.