घरगुती वीजपुरवठ्यातील अंशतः खंड

घरातील काही दिवे, पंखे किंवा सॉकेट बंद पडणे व त्याच वेळी उरलेल्या भागात वीज चालू असणे, या स्थितीला वीजपुरवठ्यातील अंशतः खंड म्हणतात. बोलीभाषेत ‘एक फेज गेला’, ‘लाइट डिम झाली’ किंवा ‘निम्म्या घरात लाइट नाही’ असे तिचे वर्णन केले जाते. संपूर्ण वीज गेल्यास कारण बहुधा घराबाहेर असते. अंशतः खंडाचे कारण मात्र स्विचबोर्डातील सैल जोडापासून रोहित्रावरील उडालेल्या फ्यूजपर्यंत कुठेही असू शकते. बंद भागाची व्याप्ती आणि चालू भागातील विद्युतदाब या दोन गोष्टींवरून दोषाचे स्थान बहुतांशी ठरवता येते. या प्रकारांपैकी न्यूट्रल तार तुटणे हा सर्वांत धोकादायक प्रकार आहे.

वीजपुरवठ्याची रचना

भारतात घरगुती वितरण ५० हर्ट्झ वारंवारतेवर होते. गावातील रोहित्राला, म्हणजे बोलीभाषेतील ‘डीपी’ला, सामान्यतः ११ किलोव्होल्टच्या तीन तारांतून वीज मिळते. रोहित्रातून तीन फेज व एक न्यूट्रल अशा चार तारा बाहेर पडतात. कोणत्याही दोन फेजमधील दाब सुमारे ४०० व्होल्ट, तर फेज व न्यूट्रल यांमधील दाब २३० व्होल्ट असतो. लहान घरांना एक फेज व न्यूट्रल मिळतो. अधिक भार असलेल्या घरांना तिन्ही फेज दिले जातात व खोल्यांचे भार त्यांत वाटले जातात. शेजारची घरे वेगवेगळ्या फेजवर असल्याने एका घरात अंधार व लगतच्या घरात उजेड असे दृश्य दिसते.

मीटरनंतर वीज मुख्य स्विचमधून वितरण पेटीत येते. तेथे प्रत्येक उपमंडलासाठी एमसीबी किंवा जुन्या घरांत चिनी मातीचा किटकॅट फ्यूज असतो. भारतीय प्रथेनुसार फेजच्या तारा लाल, पिवळ्या व निळ्या, न्यूट्रल काळी आणि अर्थिंगची तार हिरवी असते.

व्याप्तीवरून निदान

- एकच दिवा किंवा सॉकेट बंद: उपकरण, स्विच किंवा त्या ठिकाणचा जोड सदोष.
- एका उपमंडलातील सर्व उपकरणे बंद: एमसीबी पडलेला, फ्यूज वितळलेला किंवा तार तुटलेली.
- तीन फेजच्या घरातील सुमारे तृतीयांश भाग बंद, उर्वरित भाग सुरळीत: एक फेज गेलेला.
- काही दिवे मंद आणि काही नेहमीपेक्षा प्रखर: न्यूट्रल तुटलेला.
- परिसरातील अनेक घरांत दिवे एकसारखे मंद: बहुधा रोहित्राच्या उच्चदाब बाजूचा दोष.

इन्व्हर्टर असलेल्या घरात मोजकेच दिवे-पंखे त्याला जोडलेले असतात. वीज पूर्ण गेल्यावरही ते चालू राहतात आणि अंशतः खंडाचा भास होतो. म्हणून इन्व्हर्टर बॅटरीवर चालत आहे का, हे सर्वप्रथम पाहावे लागते.

घरातील कारणे

अतिभार किंवा लघुपरिपथ झाल्यास एमसीबी पडतो. काही एमसीबींची कळ पडल्यानंतर मध्येच थांबते. ती आधी पूर्ण खाली नेऊन मग वर करावी लागते. कळ पुन्हा लगेच पडत असेल तर दोष कायम आहे असे समजावे. त्या मंडलातील सर्व उपकरणे काढून एकेक जोडल्यास सदोष उपकरण सापडते. गळती प्रवाह ओळखणारा आरसीसीबी घरगुती वापरात सामान्यतः ३० मिलिअँपिअरचा असतो. ओलसर भिंत, पाण्यात गेलेला सॉकेट किंवा खराब गिझर यांमुळे तो पडतो.

वितळलेल्या फ्यूजच्या जागी जाड तांब्याची तार बांधणे ही घातक सवय आहे. अतिभार झाल्यावर अशी तार वितळत नाही. त्याऐवजी भिंतीतील वायरिंग तापते आणि आग लागू शकते.

सैल जोडाची लक्षणे दिव्यांची फडफड, जळका वास, बोर्डातून येणारा ‘चर्र’ आवाज व तापलेला स्विच ही असतात. ॲल्युमिनिअमच्या तारेवर ऑक्साइडचा थर चढून जोडाचा रोध वाढतो. तांबे व ॲल्युमिनिअम थेट जोडल्यास ओलाव्यात जोड लवकर खराब होतो.

न्यूट्रल तुटणे

न्यूट्रल तुटल्यावर वेगवेगळ्या फेजवरील उपकरणे एकमेकांशी मालिकेत जोडली जातात व त्यांच्यात ४०० व्होल्ट दाब विभागला जातो. समजा, एका फेजवर १,००० वॅटची इस्त्री आणि दुसऱ्या फेजवर १०० वॅटचा दिवा चालू आहे. इस्त्रीचा रोध सुमारे ५३ ओहम व दिव्याचा सुमारे ५२९ ओहम असतो. परिणामी इस्त्रीला केवळ ३६ व्होल्ट मिळतात, तर दिव्याला सुमारे ३६४ व्होल्ट. जास्त भाराच्या फेजवर दाब घटतो आणि हलक्या भाराच्या फेजवर तो वाढतो. दूरदर्शन संच, चार्जर व एलईडी दिवे त्यामुळे क्षणात जळू शकतात. अशा वेळी मुख्य स्विच तत्काळ बंद करणे हाच योग्य उपाय आहे. न्यूट्रल रोहित्राजवळ तुटल्यास त्यावरील सर्व घरांना हा धोका असतो.

एका फेजच्या घरात न्यूट्रल तुटल्यास सर्व उपकरणे बंद पडतात, परंतु एखादे उपकरण चालू स्थितीत असल्यास सॉकेटच्या दोन्ही छिद्रांत टेस्टर पेटतो. कारण फेजचा दाब त्या उपकरणातून न्यूट्रलच्या तारेवर येतो. वीज गेली असे दिसत असतानाही दोन्ही तारा जिवंत असतात. निऑन टेस्टर अत्यल्प प्रवाहावर पेटतो. तो फेजचे अस्तित्व दाखवतो, पण मंडल पूर्ण असल्याची खात्री देत नाही.

अशा वेळी अर्थिंगच्या तारेचा किंवा नळाच्या पाइपचा न्यूट्रल म्हणून वापर करण्याची प्रथा काही ठिकाणी आढळते. त्यामुळे उपकरणांच्या धातूच्या आवरणात किंवा नळात वीज उतरते आणि स्पर्श करणाऱ्याचा जीव जाऊ शकतो.

रोहित्राकडील दोष

रोहित्राच्या लघुदाब बाजूचा एक फ्यूज उडाल्यास त्या फेजवरील घरांत अंधार होतो. उच्चदाब बाजूचा ‘डीओ’ फ्यूज उडाल्यास परिणाम निराळा असतो. वितरण रोहित्राची उच्चदाब गुंडाळी सहसा त्रिकोणी जोडणीची असते. तिचा एक फेज गेला की एका गुंडाळीला पूर्ण व इतर दोन गुंडाळ्यांना निम्मा दाब मिळतो. म्हणून गावातील सुमारे तृतीयांश घरांत २३० व्होल्ट, तर उरलेल्या घरांत सुमारे ११५ व्होल्ट दाब येतो. या ‘डिम’ विजेवर फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होऊ शकत नाही, मात्र प्रवाह खेचत तापत राहतो. तीन फेजची मोटर दोन फेजवर नुसती घुमते व जळते. ते टाळण्यासाठी पंपाला सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवतात.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात तीन फेजचा पुरवठा मुद्दाम बंद ठेवून घरगुती दिव्यांसाठी सिंगल फेज वीज देण्याची पद्धतही वापरली गेली. कृषिपंप आणि गावठाण यांच्या वाहिन्या वेगळ्या करण्यासाठी गावठाण फीडर विलगीकरण योजना राबवण्यात आली. सिंगल फेजच्या वेळेत पंप बंद राहणे हा दोष नसून त्या वेळापत्रकाचा भाग असतो.

कोल्हापूर परिसरातील परिस्थिती

पन्हाळा तालुक्यातील वाडी रत्नागिरी येथील जोतिबा डोंगर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,१०० फूट उंचीवर आहे. अशा उघड्या डोंगरमाथ्यावर वळवाचा पाऊस, विजा, पावसाळी वारा व धुके यांचा ताण उपरी तारांवर आणि त्यांच्या जोडांवर पडतो. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेस लाखो भाविक येतात. यात्रेच्या ठिकाणी रोषणाई आणि तात्पुरत्या दुकानांचा भार एकाच फेजवर पडला, तर त्या फेजचा दाब घटतो व न्यूट्रलमधील प्रवाह वाढतो. न्यूट्रलचा जोड कमकुवत असल्यास तो अशाच वेळी निकामी होतो. डोंगराच्या पायथ्याकडील पंचगंगा खोऱ्यात प्रश्न वेगळा असतो. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ च्या महापुरांत अनेक भागांचा वीजपुरवठा बंद ठेवावा लागला. पूर ओसरल्यावर ओल्या बोर्डांमुळे घराच्या खालच्या भागातील मंडले बंद व वरच्या मजल्याची चालू अशी स्थिती उद्भवते. भिजलेले वायरिंग वाळवून व तपासूनच पुन्हा जोडणे आवश्यक असते.

तपासणीचा क्रम

१. मंद-प्रखर दिवे, जळका वास किंवा धूर आढळल्यास मुख्य स्विच बंद करणे व पुढील तपासणी थांबवणे.
२. शेजारच्या घरांतील आणि रस्त्यावरील दिव्यांची स्थिती पाहणे.
३. इन्व्हर्टर, एमसीबी व आरसीसीबी यांची स्थिती तपासणे.
४. बंद मंडलातील उपकरणे काढून एमसीबी एकदाच चालू करून पाहणे.
५. दोष कायम राहिल्यास परवानाधारक तंत्रज्ञास बोलावणे.

तीन फेजच्या घरांतील निवडक स्विचने बंद फेजचा भार दुसऱ्या फेजवर घेता येतो. त्यापूर्वी गिझर, इस्त्री व पंप बंद करावे लागतात. अन्यथा चालू फेजवर अतिभार येतो. न्यूट्रल तुटल्याचा संशय असताना हा स्विच फिरवू नये.

जबाबदारी व तक्रार

सर्वसाधारणपणे मीटरपर्यंतची यंत्रणा वितरण कंपनीच्या आणि मीटरनंतरचे वायरिंग ग्राहकाच्या जबाबदारीत येते. खांब, सर्व्हिस वायर, रोहित्र किंवा मीटरचे सील यांना ग्राहकाने हात लावू नये. राज्याच्या बहुतेक भागात वितरण महावितरणकडे आहे; महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाच्या विभाजनानंतर २००५ मध्ये ही कंपनी अस्तित्वात आली. वीज तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक आहे. तक्रारीत ‘लाइट गेली’ एवढेच न सांगता किती घरे बंद आहेत, दिवे मंद आहेत की प्रखर, हे सांगितल्यास दोष लवकर सापडतो. विद्युत अधिनियम, २००३ नुसार सेवेची मानके ठरवण्याचा अधिकार महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाला आहे. मानकांचे पालन न झाल्यास ग्राहक भरपाई मागू शकतो. तक्रारीचे निवारण न झाल्यास ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच व त्यानंतर विद्युत लोकपाल यांच्याकडे दाद मागता येते.