मगरीचा रबरी अंगरखा

पदार्थसंग्रहालयातला वाघ पाहून लहान मूल आईच्या पदराआड दडते. पण पेंढा भरलेल्या जुन्या मगरीपुढे तेच मूल निर्धास्त उभे राहते! यात दोष मुलाचा नाही. वाघाच्या कातड्यातले व्यंग केसांखाली झाकून जाते. मगरीला तो पडदा नाही. तिचे कातडे वाळले की आकसते, खवल्यांच्या कडा वळतात, रंग उडतो आणि उरते ती नुसती सुकलेली पखाल.

मग कातडे हवेच कशाला? शिकागोच्या फील्ड म्युझियममधील लिऑन वॉल्टर्स यांनी ते बाजूलाच ठेवले. मृत प्राण्याच्या देहावरून प्लास्टरचा साचा घ्यायचा आणि त्यात आतून रंगीत सेल्युलॉइडचे पातळ थर चढवायचे, ही त्यांची रीत १९२५ साली प्रसिद्ध झाली. त्यामुळे रंग कातडीवर न बसता जणू कातडीतच मुरला.

पण प्लास्टर पडले ताठ. खवल्यांच्या खाचांत ते अडकते. रबर मात्र पायमोज्यासारखे सोलून काढता येते. म्हणून पुढे साच्यासाठी रबर आले.

त्याची कृती अशी. मगरीला फॉर्मॅलिन टोचून हव्या त्या पवित्र्यात ताठ करतात. निम्मे अंग मातीत बसवून उरलेल्या अंगावर रबराचा चीक कुंचल्याने लावतात. पहिला हात अगदी जपून. बुडबुडा राहिला की प्रतिकृतीवर तिथे चामखीळ उगवलीच म्हणून समजा! थरावर थर, मधे जाळीदार कापड आणि वरून प्लास्टरचे कवच, म्हणजे मऊ रबर आकार सोडत नाही. मग मगर उलथून दुसरी बाजू. शेवटी साच्यात कृत्रिम राळ आणि फायबरग्लास.

हे सारे घाईने उरकावे लागते. देह सडू लागला की वरची साल सुटून चिकाबरोबर निघून येते. मग दुसरा प्रयत्न नाही.

शिवाय रबर फार प्रामाणिक! मेलेल्या मगरीचे पोट पसरते, गळा ओघळतो. रबर तेही जसेच्या तसे टिपते. कुठे आधार द्यावा, कुठे उचलून धरावे, हे जिवंत मगर तासन् तास न्याहाळलेल्या माणसालाच कळते. साचा चिकाचा असला, तरी त्यातला जीव त्या नजरेचा असतो.

अशा मगरीपुढे एखाद्या मुलाने हळूच आईचा पदर धरला, की कारागिराला त्याच्या कामाची पावती मिळाली.