शिकारीचा हिशेब अंड्यांपासून मांडा

रानात राहणारा प्राणी शेतात उतरला तर त्याला मारावे की नाही, हा प्रश्न महाराष्ट्रात आता आडबाजूचा राहिलेला नाही. विदर्भात रानडुकरे आणि रोही उभे पीक एका रात्रीत आडवे करतात, कोकणात माकडांमुळे अनेकांनी बागायतीचा नाद सोडला आहे. रानडुक्कर आणि रोही यांना काही अटींवर मारण्याची परवानगी राज्याने याआधीच दिलेली आहे. पश्चिम घाटावर आयुष्यभर काम केलेले पुण्याचे परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी त्याही पुढे जाऊन १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदाच रद्द करावा अशी भूमिका उघडपणे मांडली. स्कँडिनेव्हियातल्या देशांप्रमाणे आपल्याकडेही नियंत्रित शिकारीला वाव हवा, असे त्यांचे म्हणणे होते. या मांडणीवर दोन टोकांच्या प्रतिक्रिया उमटल्या. काहींना शिकार हा शब्दच सहन होत नाही, तर काहींना शेतात येणारा प्रत्येक जीव एकाच मापाने मोजावासा वाटतो. दोन्ही बाजूंनी एक साधी गोष्ट नजरेआड होते. एखाद्या प्रजातीला शिकार सोसेल की नाही, हे तिच्या आजच्या संख्येपेक्षाही ती मेलेल्यांची जागा किती वेगाने भरून काढते यावर ठरते. ही कसोटी नीट समजून घ्यायची तर सारस, करकोचे आणि त्यांच्या क्रौंचकुळाकडे पाहावे. अमेरिकेत याच कुळातल्या सँडहिल क्रौंचाच्या शिकारीवरून वाद पेटलेला आहे, आणि आपल्याकडे याच कुळातला सारस गोंदियाच्या भातखाचरांत कसाबसा तग धरून आहे.

रानडुकराची मादी वर्ष-दीड वर्षाची झाली की विते आणि एका वेतात तिला चार-सहा पिल्ले सहज होतात. रानबदक पहिल्याच वर्षी जोडी जमवते आणि आठ-दहा अंडी घालते. अशा प्राण्यांच्या कळपातून दरवर्षी बराच वाटा काढून घेतला तरी पुढच्या हंगामात तो भरून निघतो. क्रौंचकुळातल्या पक्ष्यांचे सारेच संथ असते. सँडहिल क्रौंचाची वीण दोन ते सात वर्षांच्या वयात कधीतरी सुरू होते, मादी बहुधा दोनच अंडी घालते आणि त्यातले एखादेच पिल्लू उडण्याच्या वयापर्यंत पोचते. कित्येक जोड्यांचे सबंध वर्ष रिकामे जाते. थव्यात शंभर पक्षी असतील, तर त्या वर्षी जन्मलेले त्यांत दहाच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही कमी आढळतात. उत्तर अमेरिकेत ज्या पक्ष्यांच्या शिकारीला परवानगी आहे, त्यांत इतका संथ वाढणारा दुसरा पक्षी नाही. हे कुळ टिकते ते दीर्घायुष्याच्या बळावर, कारण जगलेला पक्षी तीस वर्षांच्याही पुढे जाऊ शकतो आणि ती सगळी वर्षे थोडी थोडी पिल्ले वाढवतो. म्हणून इथे प्रौढ पक्षी हे मुद्दल आहे आणि पिल्ले हे त्यावरचे अगदी तुटपुंजे व्याज. शिकारी बंदूक रोखतो तेव्हा बहुतेक वेळा मुद्दलालाच हात लागतो.

यात आणखी एक अडचण आहे. क्रौंचाचे पिल्लू नऊ-दहा महिने आईबापांसोबत राहते आणि पहिले स्थलांतर त्यांच्या मागोमाग उडून शिकते. हा मार्ग उपजत कळत नाही, हे अमेरिकेत प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. १९४१ च्या सुमारास हूपिंग क्रौंच हा पांढरा, उंचापुरा पक्षी रानात जेमतेम वीस-बावीस उरला होता. त्याचा नवा थवा उभा करताना पिंजऱ्यात वाढलेल्या पिल्लांना वाट दाखवायला कोणी नव्हते, तेव्हा २००१ पासून अनेक वर्षे माणसांनी हलकी विमाने पुढे उडवून त्यांना दक्षिणेची दिशा शिकवली. शिकारीचा हंगाम असतो शरद आणि हिवाळ्यात, म्हणजे नेमका तेव्हाच, जेव्हा पिल्लू हे शिक्षण घेत असते. त्या वेळी गोळी लागलेल्या पक्ष्यासोबत त्याच्या पिल्लाची वाटही हरवण्याची भीती असते.

तरीही अमेरिकेचा दाखला प्रामाणिकपणे द्यायचा तर तो पुरता द्यायला हवा, कारण शिकारीच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा तिथलाच आहे. एकोणिसाव्या शतकात बेबंद शिकार झाली आणि दलदली बुजवल्या गेल्या, त्यामुळे सँडहिल क्रौंच मध्य-पश्चिमेतून जवळपास नाहीसा झाला. १९३० च्या दशकात विस्कॉन्सिन राज्यात त्याच्या जेमतेम २५ जोड्या उरल्या होत्या. १९१६ साली अमेरिका आणि कॅनडाच्या वतीने ब्रिटन यांच्यात स्थलांतरी पक्ष्यांविषयी करार झाला, १९१८ साली त्याचा कायदा झाला आणि शिकार थांबली. त्यानंतर संख्या हळूहळू सावरली. १९६१ पासून मध्य भागातल्या राज्यांत मर्यादित शिकार पुन्हा सुरू झाली. आज नेब्रास्कातल्या प्लॅट नदीवर वसंतात उतरणारा हा मध्यवर्ती थवा लाखोंच्या संख्येत आहे. पूर्वेकडच्या थव्यावर केंटकीने २०११ मध्ये, टेनेसीने २०१३ मध्ये आणि अलाबामाने २०१९ मध्ये शिकारीचा हंगाम उघडला, आणि आता विस्कॉन्सिनमध्ये तशी मागणी जोर धरते आहे. तेव्हा नियंत्रित शिकार म्हणजे हमखास विनाश, असे म्हणणे खरे ठरणार नाही. पण हा पुरावा आणखी दोन गोष्टीही सांगतो. एक म्हणजे, पक्षी परत आला तो चार दशकांच्या कडक बंदीमुळे, आणि शिकार आली ती त्यानंतर. दुसरी म्हणजे, तिथे दरवर्षी थव्यांची मोजणी होते, परवाने मोजून दिले जातात, मारलेल्या पक्ष्यांची नोंद होते आणि त्यावरून पुढच्या वर्षाची मर्यादा ठरते. हे सगळे असूनही, मध्यवर्ती थवा ज्या राज्यात सर्वांत दाटीने एकवटतो त्या नेब्रास्काने मात्र त्याची शिकार आजवर होऊ दिलेली नाही.

विस्कॉन्सिनमधल्या वादात शेतकऱ्यांचा मुद्दा खरा आहे, पण त्यावर सुचवलेला उपाय चुकीचा आहे. तिथे नुकसान होते ते वसंतात, मक्याचा कोवळा कोंब जमिनीवर आला की. पक्षी तो उपटतात आणि खालचा दाणा खातात. हे काम मुख्यतः अजून जोडी न जमलेल्या तरुण पक्ष्यांच्या टोळ्या करतात. शिकार मात्र होते शरद ऋतूत, पीक निघाल्यावर. तेव्हा मारलेला पक्षी पुढच्या वसंतात त्याच शेतात आला असता की नाही, हे कोणालाच सांगता येत नाही. याउलट बियाण्याला पेरणीपूर्वी अँथ्राक्विनोन या द्रव्याचे लेपन केले की पक्ष्याला दाणा नकोसा होतो आणि तो त्याच शेतातले किडे-अळ्या टिपू लागतो. हा उपाय चालतो हे सिद्ध झाले आहे. अडचण एवढीच की त्याचा खर्च शेतकऱ्याला पडतो. म्हणजे खरा प्रश्न हा खर्च कोणी उचलायचा हा आहे, आणि बंदूक त्याचे उत्तर देत नाही.

आता आपल्याकडे वळू. हिवाळ्यात मध्य आशिया आणि मंगोलियातून हिमालय ओलांडून कांड्या करकोचे भारतात येतात. उजनी, जायकवाडीसारख्या जलाशयांच्या काठीही त्यांची नोंद झालेली आहे. आपल्याकडे शिकारीची परंपरा नव्हती, असा समज करून घेण्याचे कारण नाही. भरतपूरच्या पाणथळीत १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ झालेल्या एकाच दिवसाच्या शिकारीत ४,२७३ पक्षी मारले गेले. १९७२ च्या कायद्यातही सुरुवातीला परवाना घेऊन शिकारीची सोय होती, ती १९९१ च्या दुरुस्तीने संपली. त्याच भरतपूरला १९६० च्या दशकात सुमारे २०० सैबेरियन क्रौंच उतरत असत. २००२ च्या हिवाळ्यानंतर तिथे एकही दिसला नाही. भरतपुरात त्यांना कडक संरक्षण होते, पण अफगाणिस्तान आणि पाकिस्तानातून येणाऱ्या त्यांच्या वाटेवर क्रौंच पकडण्याची आणि मारण्याची चाल होती. दरवर्षी थोडेथोडेच पक्षी कमी झाले असतील, पण संथ वाढणाऱ्या प्रजातीला तेवढे पुरते. राजस्थानातल्या खिचन गावाची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. तिथे गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दाणा घातला आणि आज दहा हजारांहून अधिक करकोचे तिथे हिवाळा काढतात.

सारस स्थलांतर करत नाही. माणसाएवढ्या उंचीचा हा पक्षी पावसाळ्यात भातखाचरात किंवा उथळ तळ्यात गवत-पेंढ्याचे मोठे घरटे रचतो आणि शेतकऱ्याच्या नजरेसमोर पिल्ले वाढवतो. पुण्याच्या इकॉलॉजिकल सोसायटीचे प्रकाश गोळे यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस सारसाची देशातली स्थिती आणि त्याच्या अधिवासाच्या गरजा यांचा टप्प्याटप्प्याने अभ्यास केला. जो पक्षी अभयारण्यापेक्षा शेतात आणि गावतळ्यांत अधिक राहतो, त्याचे भवितव्य शेतकऱ्याच्या हाती असते, हे अशा अभ्यासांतून स्पष्ट होत गेले. उत्तर प्रदेशात आज वन विभागाच्या गणनेत १९ हजारांहून अधिक सारस आहेत. महाराष्ट्रात मात्र ते गोंदिया आणि शेजारच्या भागांत मोजून काही दहांच्या घरात उरले आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्वतःहून या प्रश्नाची दखल घेतली, ती या घसरणीमुळेच.

इथे एक रास्त आक्षेप निघतो. शिकारबंदी इतकी वर्षे लागू असूनही महाराष्ट्रातला सारस घटला, मग बंदीचा उपयोग काय? याचे उत्तर पुन्हा त्याच हिशेबात सापडते. उत्तर प्रदेशातल्या एका अभ्यासात असे दिसले की केवळ विजेच्या तारांना धडकून किंवा शॉक लागून वर्षाला जवळपास एक टक्का सारस मरतात. एक टक्का हा आकडा रानडुकराच्या बाबतीत कोणाच्या खिजगणतीतही नसेल. पण ज्या थव्यात वर्षाला शंभरामागे दहा पिल्ले तयार होतात आणि नैसर्गिक मृत्यू त्यातला बहुतेक वाटा घेऊन जातात, तिथे हा एक टक्का फार जड जातो. त्यात कीटकनाशके, पळवलेली अंडी, बुजवलेली किंवा बेशरमाच्या झुडपांनी भरलेली तळी यांची भर पडते. बंदुकीची गोळी असो वा उघडी तार, मुद्दल खाल्ले जाते ते सारखेच. बंदी ही पहिली पायरी होती आणि आपण पुढच्या पायऱ्या चढलोच नाही, एवढाच याचा अर्थ.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे. अमेरिकेत शिकारीच्या परवान्यांतून आणि १९३७ च्या कायद्याने राखून ठेवलेल्या बंदुका-काडतुसांवरच्या करातून वन्यजीवनासाठी मोठा निधी उभा राहतो, तसा आपणही का उभारू नये? हे मॉडेल तिथे यशस्वी झाले हे मान्य करावेच लागेल. पण निधी उभा करण्याएवढे पक्षी जिथे आहेत, तिथेच ते चालते. गोंदियातल्या मूठभर सारसांतून एक परवाना काढला तरी तो एका जोडीच्या पुढच्या कित्येक वर्षांच्या पिल्लांवर घाला ठरेल. गाडगीळांचा युक्तिवाद रानडुकराला लागू पडतो, कारण रानडुक्कर वेगाने वाढते आणि त्याचे नुकसानही मोठे आहे. त्याच युक्तिवादाचे माप सारसाला लावले तर ते बसत नाही. गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यात कृषी शास्त्रज्ञांनी सारसामुळे होणारे भाताचे नुकसान मोजले, तेव्हा ते अत्यल्प निघाले. घरट्यापुरते भात वाकते, तेवढाच काय तो पिकाचा तोटा.

मात्र तोटा अल्प असला तरी तो एकट्या शेतकऱ्याने सोसावा, असे शहरात बसून सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही. खाचरात घरटे झाले की तिथे औषध फवारता येत नाही, कापणी पुढे ढकलावी लागते, बघ्यांची वर्दळ वाढते. या सगळ्याचे मोल मिळायलाच हवे. पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत असताना जीवशास्त्रज्ञ मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताडोबालगतच्या शेतांत वन्यप्राण्यांमुळे होणारी पीकहानी मोजली. पंचनाम्याच्या नेहमीच्या पद्धतीत नुकसानीचा अंदाज तोकडा पडतो, हे लक्षात घेऊन प्रत्यक्ष उत्पन्नातल्या घटीवर आधारलेली, गावाने मिळून चालवायची भरपाईची पद्धत त्यांनी सुचवली. सारसासाठी तर हे काम आणखी सोपे आहे, कारण घरटी थोडी आहेत आणि ती कुठे आहेत हे गावाला ठाऊक असते. सुखरूप उडालेल्या प्रत्येक पिल्लामागे शेतकऱ्याच्या खात्यात ठरलेली रक्कम जमा झाली, तर तो पक्ष्याचा सर्वांत जागरूक राखणदार होईल.

तेव्हा शिकारीचा प्रश्न तत्त्वाचा करून एकदाच निकाली काढण्याऐवजी प्रत्येक प्रजातीसाठी स्वतंत्रपणे सोडवायला हवा. जी प्रजाती झपाट्याने वाढते, जिची मोजणी दरवर्षी होते आणि जिचे नुकसान जड आहे, तिच्याबाबत नियंत्रित शिकारीची चर्चा मोकळ्या मनाने व्हावी. जी वर्षाला एखादेच पिल्लू वाढवते आणि जिची संख्या बोटांवर मोजण्याजोगी आहे, तिच्याबाबत ही चर्चा आज तरी संपलेली आहे. महाराष्ट्रातल्या सारसाला तीन गोष्टी ताबडतोब हव्यात: त्याच्या वावराच्या भागातल्या वीजतारा जमिनीखाली नेणे किंवा त्यांवर ठळक खुणा बसवणे, घरट्यागणिक शेतकऱ्याला वेळेवर मोबदला, आणि गोंदिया-भंडाऱ्याच्या जुन्या मामा (माजी मालगुजारी) तलावांची निगा. यांपैकी एकही गोष्ट राज्याच्या आवाक्याबाहेरची नाही. पुण्या-मुंबईच्या पक्षिप्रेमींनी आपला आवाज आणि वर्गणी आता या तीन मागण्यांमागे उभी करावी.