जुन्या डिझेल पिकअप वाहनाची खरेदीपूर्व तपासणी

जुन्या डिझेल पिकअप वाहनाची खरेदीपूर्व तपासणी म्हणजे वापरलेले हलके मालवाहू वाहन विकत घेण्यापूर्वी त्याच्या यांत्रिक स्थितीची व कागदपत्रांची केली जाणारी पडताळणी होय. वऱ्हाडातील अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत महिंद्रा बोलेरो पिकअप, टाटा २०७ डीआय यांसारखी वाहने शेतमालाच्या वाहतुकीसाठी वापरली जातात. अशा वाहनांच्या खरेदीत इंजिनाकडे सर्वाधिक लक्ष दिले जाते. मात्र चासी, शीतन यंत्रणा व मालकी हस्तांतरण यांतील दोषही तितकेच खर्चिक ठरू शकतात.

स्थानिक परिस्थिती

वरुड व मोर्शी तालुक्यांतील संत्री, तसेच कापूस, सोयाबीन व तूर या मालाची वाहतूक हंगामी असते. थोड्या दिवसांत अधिक फेऱ्या मारण्याच्या प्रयत्नात वाहनावर क्षमतेपेक्षा जास्त भार पडण्याची शक्यता असते. अकोल्यात उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सियसपर्यंत जाते, तर चिखलदऱ्याच्या घाटात चढावामुळे इंजिनावर ताण येतो. पावसाळ्यात काळी माती चासीच्या सांध्यांत साचून ओल धरते व गंज वाढतो.

इंजिन

तपासणी इंजिन थंड असताना सुरू करणे महत्त्वाचे असते, कारण गरम इंजिन सहज सुरू होते आणि कमी झालेला दाब किंवा सदोष इंजेक्टर लक्षात येत नाही. धुराच्या रंगावरून पुढील अंदाज बांधता येतात :

• काळा धूर : हवेच्या तुलनेत इंधन जास्त जात असल्याचे लक्षण, तुंबलेला एअर फिल्टर, सदोष इंजेक्टर किंवा टर्बोचार्जरमधील बिघाड.
• निळा धूर : इंजिन ऑइल जळत असल्याचे लक्षण, झिजलेल्या पिस्टन रिंगा, व्हॉल्व्ह सील किंवा टर्बोचार्जरचे सील.
• पांढरा धूर : थंड इंजिनात थोडा वेळ दिसू शकतो, इंजिन गरम झाल्यावरही टिकल्यास व पाणी कमी होत असल्यास हेड गॅस्केटचा दोष संभवतो.

इंजिन चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण सैल केल्यावर जोराने वाफा बाहेर पडत असतील, तर सिलिंडरमधील वायू रिंगांजवळून गळत असल्याची शंका येते. कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनात इंधनातील पाणी व कचरा इंजेक्टरना हानिकारक ठरतो. अशा वाहनात चावी फिरवल्यावर इंजिनाचा इशारा दिवा लागून इंजिन सुरू झाल्यावर विझणे अपेक्षित असते. तो मुळीच न लागल्यास दोष लपवण्यासाठी दिवा निकामी केलेला असू शकतो.

शीतन यंत्रणा

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात भूजल खारे आहे. कूलंटऐवजी असे पाणी भरल्यास रेडिएटरच्या नळ्यांत क्षारांचा थर साचतो व धातू गंजतो. रेडिएटरचे झाकण इंजिन थंड असतानाच उघडतात. आत तांबूस पाणी किंवा पांढरा थर दिसणे हे दुर्लक्षाचे लक्षण आहे. पाण्यावरील तेलाचा तवंग किंवा दुधाळ झालेले इंजिन ऑइल हेड गॅस्केट, सिलिंडर हेड किंवा ऑइल कूलरमधील दोष सूचित करते. रिकाम्या वाहनाची छोटी चाचणी पुरेशी ठरत नाही; वजन भरून चढावावर चालवल्यास तापमान वाढण्याचा दोष उघड होतो.

चासी, पाटे व पारेषण

अतिभाराच्या खुणा हौद्याखाली आढळतात. पाट्यांच्या आधारांजवळच्या भेगा, वेल्डिंगच्या खुणा, जादा बसवलेले पाटे आणि एका बाजूला झुकलेले वाहन यांची नोंद घेतली जाते. केवळ काही भागांवर दिलेला ताजा रंग दुरुस्ती किंवा गंज झाकण्यासाठी असू शकतो. टायरची असमान झीज चाकांच्या रेषेतील किंवा पुढच्या निलंबनातील दोष दाखवते. वरच्या गिअरमध्ये वेग वाढवताना इंजिनाचा आवाज चढतो पण वाहन त्या प्रमाणात पळत नाही, तेव्हा क्लच घसरत असतो. मागील डिफरन्शियलमधून येणारा सततचा गुणगुणता आवाज गिअर किंवा बेअरिंगच्या झिजेमुळे असू शकतो.

कागदपत्रे

अमरावतीतील वाहनांच्या नोंदणी क्रमांकाची सुरुवात एमएच २७ ने, तर अकोल्यातील वाहनांची एमएच ३० ने होते. नोंदणी प्रमाणपत्रावरील चासी व इंजिन क्रमांक वाहनावरील क्रमांकांशी जुळणे आवश्यक असते. मालवाहू वाहनाचे योग्यता प्रमाणपत्र आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी व त्यानंतर दरवर्षी नूतनीकृत करावे लागते. विमा, कर व थकीत ई-चलने यांचीही पडताळणी केली जाते.

मालकी हस्तांतरणासाठी नमुना २९ व ३० वापरले जातात. कर्जाचा बोजा उतरवण्यासाठी वित्तसंस्थेच्या संमतीसह नमुना ३५ लागतो. मध्य प्रदेशासारख्या अन्य राज्यात नोंदलेल्या वाहनासाठी मूळ नोंदणी प्राधिकरणाचे ना हरकत प्रमाणपत्र आवश्यक असते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० नुसार राज्यांतर्गत हस्तांतरणाची माहिती विक्रेत्याने १४ दिवसांत व खरेदीदाराने ३० दिवसांत द्यावयाची असते. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये असा निर्णय दिला की, वाहन प्रत्यक्षात विकले गेले असले, तरी नोंदीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक मानला जाईल. त्यामुळे केवळ मुद्रांक कागदावरील विक्रीकरार दोन्ही पक्षांसाठी अपुरा ठरतो.

हे सुद्धा पहा

• डिझेल इंजिन
• मोटार वाहन कायदा, १९८८
• खारपाणपट्टा