खिडकीचं गाव

माहुलगाव डोळ्यांआधी नाकाला कळतं. एका बाजूला तेलशुद्धीकरण कारखाने, दुसऱ्या बाजूला खाडीचा चिखल. वारा फिरेल तसा कधी गॅसचा वास, कधी खाऱ्या गाळाचा. कोळीवाड्याजवळच्या एका पत्र्याच्या शेडपाशी मात्र तिसराच वास थांबवतो. जुन्या सागवानावर काचकागद फिरताना सुटणारा, तेलकट आणि किंचित कडवट. आत भिंतीला टेकून खिडक्या उभ्या आहेत. काहींना अजून गज आहेत, काहींच्या तावदानांना तडे गेलेत, एकीची कडी कोयंड्यात तशीच अडकून राहिली आहे. आणि एकीच्या चारही काचांमध्ये आहे राजापूरकडचं एक कौलारू घर.

ही खिडकी मुलुंडच्या एका कुटुंबाने सांगून करवून घेतली आहे. गावचं घर भावकीत वाटलं गेलं, जुनं पाडून स्लॅबचं झालं. आता जुन्या घराचं चित्र दिवाणखान्यात हवं. ते कॅनव्हासवर नको, खिडकीवरच हवं, अशी अट. या शेडमध्ये अशी कामं घेणारे चित्रकार पूर्वी चेंबूर-कुर्ल्याकडच्या दुकानांच्या पाट्या रंगवायचे. फ्लेक्स आला आणि ब्रशचं काम संपलं. हात मात्र तयार होता. आता माणसं मोबाइलवर गावाचे फोटो पाठवतात आणि त्यांच्या मागोमाग फोनवर बराच वेळ बोलतात, कारण फोटोत जे नाही तेच त्यांना चित्रात हवं असतं. आजीने लावलेला फणस, विहिरीवरचा रहाट, विकून टाकलेली बैलजोडी.

खिडक्या येतात जोगेश्वरी पश्चिमेच्या ओशिवरा फर्निचर बाजारातून, छोट्या टेम्पोत दोरखंडाने बांधून. तिथे येतात त्या पाडलेल्या चाळींमधून. दक्षिण आणि मध्य मुंबईतल्या जुन्या भाडेकरू इमारतींसाठी १९६९ साली दुरुस्ती आणि पुनर्रचनेचा कायदा झाला, तेव्हा त्याच्या कक्षेत १९,६४२ उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, इमारती होत्या. त्यातल्या कितीतरी लाकडी सांगाड्याच्या. त्यांच्या जागी टॉवर उभा राहायचा असतो तेव्हा पाडकामाचा ठेकेदार आधी विकण्याजोगं लाकूड आणि लोखंड वेगळं काढतो. तुळया, खांब, जिन्याचे कठडे, दारं, खिडक्या. या मालाला बाजारात एकच नाव चालतं: बर्मा टीक.

त्या नावामागे मोठा इतिहास आहे. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी १८६३ साली स्थापन झाली आणि ब्रह्मदेशातल्या सागाच्या जंगलांवर वाढली. ठरल्यापेक्षा जास्त लाकूड नेलं, त्याचे पैसे बुडवले, असा ठपका ठेवून तिथल्या थिबा राजाच्या दरबाराने १८८५ साली तिला जबर दंड केला. इंग्रजांना युद्धासाठी तेवढं निमित्त पुरलं. राजधानी मंडाले पडली, आणि राजाला कुटुंबासह आणून ठेवलं ते रत्नागिरीत, १८८६ साली. १९१० मध्ये त्याच्यासाठी वाडा बांधून झाला. १९१६ साली राजा तिथेच वारला. सागापायी राज्य गेलेला माणूस कोकणात तीस वर्षं समुद्राकडे बघत राहिला, आणि त्याच्या देशातला साग मुंबईच्या इमारतींत बसत राहिला. राजापूरही रत्नागिरी जिल्ह्यातच. मुलुंडच्या कुटुंबाला हे ठाऊक असण्याचं कारण नाही, पण त्यांच्या गावाचं चित्र ज्या लाकडात बसलं आहे त्याचं आणि त्यांच्या जिल्ह्याचं नातं असं जुनं आहे.

शेडमधलं पहिलं काम रंग खरवडण्याचं. चित्रकार चौकटीच्या एका कोपऱ्यावर पत्री हलकेच तिरकी फिरवतात आणि रुपयाएवढ्या जागेत एकाखाली एक रंग उघडे पडतात. वर चॉकलेटी, त्याखाली पिवळट, मग आकाशी, मग गर्द हिरवा, अगदी तळाशी मळका पांढरा. “पाच थर,” ते बोटाने दाखवत म्हणतात. “पाच वेळा कुणीतरी घर सजवलंय.” एखाद्या लग्नासाठी असेल, दिवाळीला असेल, नवा भाडेकरू आला म्हणून असेल. त्या रुपयाएवढ्या गोलाकडे बघताना चाळीतली एक खोली पिढ्या बदलताना दिसते. पाच थर. त्यानंतर उरलेली खिडकी मात्र तासाभरात कोरी होते.

हे काम दिसतं तितकं निरुपद्रवी नाही. जुन्या तैलरंगांत शिसं असायचं. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा प्रत्यक्षात लागू झाली ती १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीचा प्रत्येक थर संशयितच धरायला हवा. म्हणून चित्रकार कोरडा घासत नाहीत. पाणी मारून, ओला करून खरवडतात, तोंडाला मास्क लावतात, खरवड पिशवीत बांधतात. शेजारची पोरं आत आली तर त्यांना आधी बाहेर काढतात. खिळे उपसणं, भेगांत लांबी भरणं, बिजागऱ्यांना तेल देणं, काचा स्पिरिटने पुसणं ही पुढची कामं भराभर उरकतात.

मग चित्र. ते काचेच्या मागच्या बाजूने काढलं जातं, आणि त्यामुळे सगळा क्रम उलटा होतो. कॅनव्हासवर आधी आभाळ, मग डोंगर, मग घर, शेवटी अंगणातली कोंबडी. काचेवर कोंबडी आधी. डोळ्यांना जे सगळ्यात जवळ दिसायचं ते सगळ्यात पहिलं रंगवायचं. तो रंग वाळला की त्याच्यामागे घर, घरामागे माड, आणि आभाळ शेवटी. डावं-उजवंही उलटं. आभाळ चढल्यावर कोंबडीत दुरुस्ती करता येत नाही. ही रीत अठराव्या शतकात चीनमधल्या कॅन्टनच्या व्यापारातून पश्चिम भारतात आली, तंजावरच्या मराठा दरबारातही रुजली. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी काचचित्रं आहेत, आणि कोरीव दारं-खिडक्याही.

या उलट्या क्रमामुळे चित्रकार प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न एकच विचारतात: “सगळ्यात जवळ काय आहे?”

लोक गडबडतात. घर कसं होतं हे सांगायची तयारी करून आलेले असतात. कुठे उभं राहून बघायचं याचा विचार केलेला नसतो. राजापूरवाल्यांनी तीनदा उत्तर बदललं. आधी तुळशीवृंदावन, मग चिऱ्याचा गडगा, शेवटी पडवीतलं जातं. माहुलच्या एका कोळी कुटुंबाने न थांबता सांगितलं, होडीचं नाक. त्यांच्या खिडकीत होडीमागे खाडी आहे आणि खाडीत गुलाबी ठिपके, हिवाळ्यात उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांचे.

आणि एक झडप आहे, एकाच तावदानाची, शेडमधली सगळ्यात लहान. ती पुनर्वसन वसाहतीतल्या एका बाईंची. काम ठरवताना चित्रकारांनी नेहमीसारखं विचारलं, “मावशी, गाव कुठलं?” त्या म्हणाल्या, “विद्याविहार.” आणि सगळ्यात जवळ काय, यावर उत्तर आलं, “पाइप.”

तानसाच्या जलवाहिनीलगतच्या वस्त्या न्यायालयाच्या आदेशानंतर हटवल्या गेल्या आणि २०१७ पासून तिथली हजारो माणसं माहुलच्या इमारतींमध्ये आणली गेली. इथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, असं राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्येच नोंदवलं होतं. तरीही माणसं आणली. २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाने या कुटुंबांना इतरत्र राहता यावं म्हणून दरमहा १५,००० रुपये भाडं आणि ४५,००० रुपये अनामत देण्याचा आदेश सरकारला दिला. तोवर कित्येकांनी या इमारतींत घरची माणसं गमावली होती. त्या बाईंना चित्रात हिरवं काही नको होतं. जाड काळी जलवाहिनी, तिच्यावर वाळत टाकलेली गोधडी, मागे निळ्या पत्र्याचं घर आणि दारात स्टोव्ह.

चित्रकार जलवाहिनीची कड ओढतात तेव्हा पाट्या रंगवणारा हात कामी येतो. एका दमात, न थरथरता, सरळ रेघ. तिच्या खालच्या अंगाला ते करडी छटा देतात. ओल असते तिथे, म्हणतात. बाई शेजारी उभ्या राहून बघतात आणि गोधडीतल्या चौकोनांचे रंग एकेक करून सांगतात. असं काम करणाऱ्या माणसाला शोभेच्या वस्तू बनवणारा म्हणणं अन्यायाचं आहे. ज्या घरांचा कागद नाही, पत्ता नाही, शेवटी भिंतसुद्धा नाही, त्यांची नोंद तो ठेवतो आहे.

तरी या धंद्यात एक गोष्ट खटकते. मालकाच्या गावाचा इतका बारीक शोध घेतला जातो, आणि खिडकीच्या गावाचा अजिबात नाही. ओशिवऱ्याच्या बाजारात माल ढिगाने येतो. तिथे ‘जुनी चाळ’ एवढं सांगितलं तरी पुष्कळ झालं. गिरगावची की लालबागची, कितव्या मजल्यावरची, रस्त्याकडची की चौकातली, हे विचारणारं कुणी नाही. गुळगुळीत लाकूड छान दिसतं म्हणून गिऱ्हाईक पाचही थर उतरवून मागतं. खिडकीनेही एक घर गमावलेलं आहे, आणि तेही याच शहरात, पाडकामातच. लाकूड टिकतं, पत्ता टिकत नाही.

पत्ता टिकवणं अवघड नाही. पाडकाम सुरू होण्यापूर्वी चौकटीच्या आतल्या अंगाला खडूने इमारतीचं नाव आणि साल लिहिलं तर ते बाजारापर्यंत पोहोचू शकतं. एखाद्या कोपऱ्यात जुन्या रंगांचा हातभर पट्टा तसाच ठेवून त्यावर वार्निश मारता येतं. शिशाची धूळही उडत नाही. चित्रकारांची याला तयारी आहे. त्या लहान झडपेच्या चौकटीवर त्यांनी हिरवा आणि आकाशी थर तसाच राखला आहे, बाईंना तो आवडला म्हणून.

तेव्हा अशी खिडकी कुणी करायला देणार असेल, तर आपल्या घराचे फोटो पाठवण्याआधी ती कुठून आली एवढं विक्रेत्याला जरूर विचारावं. उत्तर मिळालं तर ते मागच्या बाजूला, चित्राच्या तारखेशेजारी, लिहून घ्यावं. आणि स्वतःचीच चाळ पुनर्विकासाला जात असेल, तर ठेकेदाराचा टेम्पो येण्यापूर्वी खिडकीच्या चौकटीवर आपल्या खोलीचा नंबर लिहून ठेवावा.