अंधारी गुहा आणि ३३० चालींचा दिवा

पडद्यावर चित्र नाही, आवाज नाही. तुम्ही कोठे उभे आहात, एवढेच लिहून येते. ‘उत्तरेला जा’ असे टंकित केले, की संगणक पुढची जागा शब्दांत सांगतो. असा पहिला गाजलेला खेळ अमेरिकेतील विल क्राउदर याने १९७५-७६ च्या सुमारास आपल्या मुलींसाठी लिहिला. क्राउदर गुहांचे नकाशे करणारा! खेळातील गुहाही केंटकीतील खऱ्या मॅमथ गुहेच्या एका भागावरून घेतलेली. १९७७ मध्ये डॉन वुड्स याने तीत खजिने आणि कोडी वाढवली.

पण खरेपणा किती आणावा? या खेळात तुम्हांला भूक लागत नाही. शिदोरी आहे, पण ती कामी येते एका अस्वलाला शांत करायला! दिवा मात्र विझतो. वुड्सच्या खेळात तो ३३० चाली पुरतो. सुरुवातीला सूचना मागणाऱ्या नवख्याला १००० चाली मिळतात, पण ५ गुण कापले जातात. असे का? भूक ठेवली असती, तर दर थोड्या वेळाने ‘जेव’ लिहीत बसावे लागले असते. दिवा विचार करायला लावतो : आणखी आत शिरावे, की परत फिरावे? लंबकाच्या गणितात आपण हवेचा रोध सोडतो, दोरीची लांबी सोडत नाही, तसेच हे.

१९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ याने ‘मड’ हा खेळ सुरू केला. रिचर्ड बार्टल याने तो पुढे वाढवला. त्यात अनेकजण एकाच वेळी खेळत, आणि येथे नवाच घोटाळा! तुम्ही श्वास रोखून दार ढकलता आहात आणि शेजारचा योद्धा विचारतो, ‘काय रे, गणिताचा पेपर कसा गेला?’ गुहा क्षणात नाहीशी. गप्पाच बंद केल्या, तर सोबत खेळायचे कशाला? म्हणून पुढच्या अशा अनेक खेळांत अवांतर गप्पांसाठी वेगळी जागा ठेवली गेली.

हे संगणकाशिवायही करून पाहा. एकाने संगणक व्हावे, बाकीच्यांनी मावळे. जुलै १६६०, पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा, महाराजांना विशाळगडी पोहोचवायचे आहे. ‘डावा पाय की उजवा?’ असे पावलोपावली विचाराल, तर मावळे गड उतरण्याआधीच घरी जातील. पाऊस मात्र गाळू नका. चिखलाने चाल मंदावते, पण पहारेकरीही आडोशाला जातो. सर ओसरू लागली आहे. आता निघाल, की पुढच्या सरीची वाट पाहाल?